'स्टडी'च्या कागदावर सही करायची का? मोठ्या दवाखान्यात जाण्याआधी हे वाचा

सातारा-सांगली : पेशंट ॲडमिट होऊन दुसरा दिवस उजाडलेला असतो. सलाईन चालू असते. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली पंचविशीतली डॉक्टरीण फाईल घेऊन कॉटजवळ येते. "आजी, घरात चूल आहे का गॅस? मिसरी लावता का? किती वर्षं झाली?" आजी सगळं सांगतात. मग डॉक्टरीण दोन-तीन पानांचा कागद पुढे करते. "आमचा एक स्टडी चालू आहे, इथं सही करा." आजी मुलाकडं बघतात, तर मुलगा बाहेर मेडिकलच्या रांगेत. "दे बाई, कुठं करायचा अंगठा?" असं म्हणून आजी मोकळ्या होतात.

आठ दिवसांनी घरी आल्यावर पारावर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, तिथं गरिबावर प्रयोग करतात. कुणी म्हणतं, सही केली नाही तर औषध बंद करतात. ऐकणारा पुढच्या वेळी छातीत दुखत असलं तरी मोठ्या दवाखान्याचं नाव काढत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. पण न वाचता अंगठा उठवणं बरोबर आहे, असाही त्याचा अर्थ नाही. हा कागद नेमका काय असतो, हे आपल्या भागातल्या माणसानं समजून घ्यायची वेळ आलेली आहे. कारण एवढी शिकवणारी रुग्णालयं आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत.

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, त्यालाच जोडलेलं. कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं कॉलेज २००५ साली आलं. साताऱ्याच्या शासकीय मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी २०२१-२२ ची. त्याच्याही कितीतरी आधी, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशनचा दवाखाना उघडला आणि काही वर्षांतच तिथं मुलांना वैद्यक शिकवायला सुरुवात केली. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. म्हणजे पेशंटच्या कॉटभोवती शिकणारी पोरं उभी राहणं, हे आपल्याकडं सव्वाशे वर्षांपासून चालू आहे.

एवढे प्रश्न विचारतात कशाला?

एमबीबीएस झाल्यावर जो डॉक्टर एमडी किंवा एमएस करतो, त्याला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावाच लागतो. दवाखान्यात त्याला नुसतं 'थिसिस' म्हणतात. थिसिस जमा केल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. विषय ठरतो, वरचे प्राध्यापक गाईड असतात आणि मग दीड-दोन वर्षं त्या आजाराचे जेवढे पेशंट येतील तेवढ्यांची माहिती गोळा केली जाते. फवारणीचं औषध अंगात गेलेले किती आले, किती वेळानं आले, किती जणांना व्हेंटिलेटर लागला, किती वाचले. बाळंतपणात रक्त कमी असलेल्या बायका किती. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटपैकी मिसरी, तंबाखू खाणारे किती.

यातले बहुतेक स्टडी नुसतं बघण्याचे आणि लिहून घेण्याचे असतात. पेशंटला औषध तेच मिळतं जे एरवी मिळालं असतं. फार तर चार प्रश्न जास्त विचारतात किंवा रक्ताची एक नळी जास्त घेतात. चूल विचारतात ती धुरामुळं, जमीन आणि शिक्षण विचारतात ते घरची परिस्थिती समजावी म्हणून. त्यात चौकशी किंवा वसुलीचा काही भाग नसतो.

एका कॉलेजातल्या साठ-सत्तर पेशंटच्या थिसिसमधून जगाचं औषध बदलत नाही, हेही सांगितलं पाहिजे. बरेच थिसिस लायब्ररीच्या कपाटात जाऊन बसतात. पण त्यातूनच डॉक्टरला मोजायची, नोंद ठेवायची आणि स्वतःच्या समजुतीवर शंका घ्यायची सवय लागते. आणि मोजल्याशिवाय काय होतं, हे शेजारच्याच बारामतीच्या एका अभ्यासातून समजतं.

बारामतीचा अभ्यास

क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट ही नावं शेतकऱ्याला पाठ आहेत. ही सगळी ऑरगॅनोफॉस्फरस गटातली औषधं. ती फवारताना अंगात गेली किंवा पोटात गेली की नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप थांबवणारं एक द्रव्य बंद पडतं. मग लाळ गळते, घाम फुटतो, बाहुली बारीक होते, छातीत पाणी झाल्यासारखा श्वास घरघरतो आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. यावर ॲट्रोपिन देतात, ऑक्सिजन लावतात, गरज पडली तर व्हेंटिलेटर. आणि जोडीला 'पॅम' नावाचं इंजेक्शन. पॅमचं काम, बंद पडलेल्या त्या द्रव्याला विषाच्या तावडीतून सोडवणं. पण विष एकदा पक्कं चिकटलं की पॅमचा उपयोग होत नाही, म्हणून वेळेला महत्त्व.

पॅम द्यायचं कसं, यावर मात्र डॉक्टरांत एकमत नव्हतं. बारामतीच्या डॉक्टरांनी मध्यम स्वरूपाची विषबाधा झालेले २०० पेशंट घेतले. बारामतीचा हा दवाखाना खासगी होता, मेडिकल कॉलेज नव्हतं. पहिला डोस सगळ्यांना सारखाच दिला. पुढचे ४८ तास १०० जणांना पॅम सतत सलाईनमधून सोडलं आणि १०० जणांना दर चार तासांनी इंजेक्शन दिलं. कुणाला काय, हे डॉक्टरच्या मर्जीनं ठरलं नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. सतत सलाईनवाल्या शंभरात १ जण दगावला, थांबून-थांबून देण्याच्या शंभरात ८. श्वासनळीत नळी घालायची वेळ पहिल्या गटात ६४ जणांवर आली, दुसऱ्यात ८८ जणांवर. २००६ साली हा अभ्यास लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. जगातल्या विषबाधेच्या डॉक्टरांनी बारामतीचं नाव वाचलं.

चिठ्ठी टाकण्याचं कारण साधं आहे. ऊसाच्या दोन खतांची तुलना करायची आणि एक खत विहिरीजवळच्या काळ्या रानात, दुसरं माळावर टाकलं, तर खत चांगलं की रान चांगलं हे कळणार कसं? डॉक्टरनं स्वतः निवडलं तर नकळत बऱ्यापैकी पेशंट एका बाजूला जातात. चिठ्ठीनं दोन्ही गटांत म्हातारे-तरणे, लवकर आलेले-उशिरा आलेले सारखे विभागले जातात. यालाच रँडम अर्थात चिठ्ठी पद्धतीची चाचणी म्हणतात.

पण गोष्ट इथं संपली नाही. श्रीलंकेत २३५ पेशंटवर अशीच चाचणी झाली आणि २००९ साली ती प्रसिद्ध झाली. तिथं एका गटाला पॅम आणि दुसऱ्याला पॅमसारखंच दिसणारं नुसतं सलाईन दिलं. ॲट्रोपिन आणि बाकीचे उपचार दोघांनाही. पॅमवाल्या १२१ पैकी ३० दगावले आणि नुसत्या सलाईनच्या ११४ पैकी १८. पॅमनं नुकसानच होतं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, फरक योगायोगानंही पडू शकतो. पण फायदा दिसला नाही, हे नक्की. मग बारामती खोटी का? तसं नाही. बारामतीत दोन्ही गटांना पॅम होतंच, प्रश्न फक्त देण्याच्या पद्धतीचा होता. तिथले पेशंट फार गंभीर नव्हते आणि लवकर पोचले होते. श्रीलंकेतली परिस्थिती निराळी. कोणतं विष, किती वेळ गेला, दवाखान्यात सोयी काय, यावर उत्तर बदलतं. म्हणूनच एका अभ्यासावर कुणी थांबत नाही आणि म्हणूनच आपल्या भागातल्या पेशंटची माहिती लागते.

यातून शेतकऱ्यानं लक्षात ठेवायची गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखीच आहे. मीठ-पाणी पाजून उलट्या काढण्यात वेळ घालवू नये, भिजलेले कपडे काढून अंग धुवावं, पेशंट लगेच हलवावा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्यावं. "पांढरं, वासाचं काहीतरी होतं" एवढ्यावर डॉक्टरला विष ओळखता येत नाही.

ज्यांना काहीच मिळालं नाही, त्या बाया

चिठ्ठी पद्धतीची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. उस्मानाबाद, म्हणजे आत्ताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगरसारखं ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं. आणि चौथ्या प्रकारच्या गटांना फक्त माहिती आणि तपासणी कुठं मिळते एवढं सांगितलं, तपासणी केली नाही.

२००९ साली निकाल आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या, तपासणी न झालेल्यांत ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मरणं जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला मराठवाड्यातल्या शेतकरी बायांनी दाखवून दिलं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीच सुचवली, तिच्यामागं या अभ्यासाचाही आधार आहे.

पण त्या ६४ जणींचं काय? यावर डॉक्टरांमध्येच कडाक्याचं भांडण झालं. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं, त्या काळात खेड्यात तपासणी नव्हतीच, त्यामुळं चौथ्या गटाचं आहे त्यापेक्षा काही कमी केलं नाही. विरोधकांचं म्हणणं, स्वस्तातली तपासणी हातात असताना हजारो बायांना नुसतं बघत बसणं योग्य नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण विरोधकांचा प्रश्न जास्त टोचतो, कारण असा गट शहरातल्या सुशिक्षित बायांचा कुणी केला असता का, असं मनात येतंच. म्हणून सही करताना विचारायचा एक प्रश्न हा आहे : "डॉक्टर, चिठ्ठी दुसऱ्या बाजूला पडली तर मला काय मिळणार नाही?"

कागद तीन असतात

इथंच बहुतेकांची गफलत होते. ॲडमिट होताना जी सही घेतात ती उपचाराची. ऑपरेशनच्या आधी घेतात ती ऑपरेशन आणि भुलीची. ती नाही केली तर ऑपरेशन होत नाही. तिसरा कागद स्टडीचा. तो पूर्ण वेगळा असतो आणि त्याला नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत, महात्मा फुले योजनेतलं नावही कमी होत नाही. तिन्ही कागद एकाच गठ्ठ्यात आले तर थांबायचं आणि विचारायचं, "यातला स्टडीचा कुठला?"

स्टडीचा कागद दोन भागांचा असतो. पहिलं माहितीपत्रक, दुसरं संमतीपत्र. माहितीपत्रक पेशंटला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे आपल्याकडं मराठीत, असायला हवं. नुसतं इंग्रजी पुढं केलं तर मराठी मागायचं. वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवायचं आणि मग अंगठा. तो साक्षीदार म्हणून वॉर्डातली सिस्टर किंवा मावशी चालत नाही. सही केलेल्या कागदाची एक प्रत घरी न्यायला मिळते. मुलगा सात वर्षांच्या वर असेल तर आईबापाच्या सहीबरोबर त्यालाही विचारावं लागतं, बारा ते अठराच्या मुलाची लेखी तयारी लागते.

दुसऱ्यानं सही केली की काय होतं, ते २००९-१० मध्ये दिसलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना एचपीव्ही लस अभ्यासाचा भाग म्हणून दिली गेली. त्यातल्या सात मुली पुढं दगावल्या. चौकशीत लसीशी त्यांचा संबंध दिसला नाही, पण दुसरीच गोष्ट बाहेर आली : आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये तो कार्यक्रम थांबवावा लागला आणि संसदेच्या समितीनं २०१३ साली त्यावर कडक अहवाल दिला. लस वाईट नव्हती. ज्यांच्या मुली त्यांना विचारलंच नाही, एवढ्यानं लोकांचा विश्वास कितीतरी वर्षं मागं गेला. आपल्याकडंही ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं वसतिगृहात असतात, त्यामुळं ही गोष्ट दूरची समजू नये.

नवीन औषधाची चाचणी असेल तर नियम आणखी कडक आहेत. २०१९ च्या केंद्राच्या नियमांनुसार चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई द्यावी लागते. प्रत्येक अभ्यासाला आधी दवाखान्याच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या या कमिटीत किमान सात माणसं असतात, त्यात एक वकील, किमान एक महिला आणि एक आपल्यासारखा सामान्य माणूस असावाच लागतो. निम्मे सदस्य दवाखान्याबाहेरचे हवेत. कमिटीचा फोन नंबर माहितीपत्रकावर छापलेला असतो. स्टडीसाठी म्हणून केलेल्या जादा तपासणीचे पैसे पेशंटच्या बिलात लावायचे नसतात. लावले तर याच नंबरवर फोन करायचा.

आणि हा कागद म्हणजे स्टँप पेपरवरचा बाँड नव्हे. आज सही केली, उद्या मन बदललं, तर "मला यात राहायचं नाही" एवढं सांगितलं तरी पुरे. कारण द्यावं लागत नाही.

फोनवर तपासायचं असेल तर सीटीआरआय नावाची देशाची चाचण्यांची नोंदवही आहे. २००७ साली ती सुरू झाली, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात सक्तीची आहे. बरेच थिसिसही तिथं नोंदलेले असतात. माहितीपत्रकावरचा नोंदणी क्रमांक टाकला की कोण करतंय, कशावर करतंय, पैसा कुणाचा, हे उघडून येतं. इंग्रजीत आहे, पण गावातलं बारावीचं पोरगं वाचून सांगू शकतं.

शिकणाऱ्या पोरांवरही अभ्यास होतो

दुसऱ्या प्रकारचं संशोधन लोकांना माहीतच नसतं. ते पेशंटवर नाही, डॉक्टर होणाऱ्या मुलांवर होतं. रक्त काढायला मुलांनी आधी रबरी हातावर सराव केला तर पेशंटला सुया कमी टोचाव्या लागतात का? वाईट बातमी कशी सांगायची हे वर्गात शिकवून येतं, की वॉर्डातच यावं लागतं? असे प्रश्न घेऊन प्राध्यापक मुलांची परीक्षा घेतात, आकडे मांडतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ पासून शिक्षकांना हेच शिकवणारा कार्यक्रम चालतो. २०१९ पासून देशभर एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, त्यात नुसतं पाठांतर नाही तर हातानं काय करता येतं आणि पेशंटशी बोलता येतं का, हेही तपासतात.

याचा गावाशी सरळ संबंध येतो. आता एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात. पांढरे कोट घातलेली पोरं-पोरी घरोघर बीपी, शुगर मोजताना दिसली, तर ती बहुतेक त्यासाठीच आलेली असतात. ती अजून डॉक्टर झालेली नाहीत. त्यांनी बीपी जास्त सांगितलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पक्कं करून घ्यावं, त्यांच्या सांगण्यावरून गोळी चालू किंवा बंद करू नये. वॉर्डातही एकाच पोटावर आठ-दहा हात पडायला लागले तर "बाळांनो, आता दुखतंय, नंतर या" असं म्हणायला हरकत नाही. ते ऐकतात. ऐकणं हाही त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

राहिला आजींचा प्रश्न, जो सही घेणाऱ्या डॉक्टरला ऐनवेळी सुचत नाही : "यातनं निघालं काय, ते आम्हाला कोण सांगणार?" खरं तर कुणी येऊन सांगत नाही. थिसिस इंग्रजीत लिहिला जातो, परीक्षा होते, डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात जातो. निकाल विचारायला मात्र कुणाची आडकाठी नाही. सही करतानाच स्टडीचं नाव, गाईडचं नाव आणि विभागाचा फोन नंबर घरी न्यायच्या प्रतीवर मराठीत लिहून घ्यावा. ती प्रत केसपेपर, रेशनकार्ड आणि आधारच्या पिशवीतच ठेवावी. पुढच्या तपासणीला गेल्यावर त्याच विभागात जाऊन विचारता येतं, त्या स्टडीचं काय झालं म्हणून.